स्प्रिंगखालचं वजन

गाडीतलं सगळं वजन सारखं नसतं. डिकीत ठेवलेली पाच किलोंची पिशवी आणि चाकात मुरलेले पाच किलो काट्यावर एकच आकडा दाखवतील. रस्त्यावर मात्र दोघांचं वागणं वेगळं. पिशवी स्प्रिंगच्या वर बसलेली असते. तिच्या आणि रस्त्याच्या मधे टायर, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर असा सगळा लवाजमा उभा असतो. चाक आणि रस्ता यांच्यामधे रबराचा एक थर आणि त्यातली हवा, एवढंच. खड्डा, दगड, पुलाच्या सांध्यावरची पट्टी, जे काही यायचं ते आधी चाकावर येतं. चाक ते कसं झेलतं यावर वरच्या माणसांचा प्रवास ठरतो.

मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. माझी गाडी लहान आहे, चौदा इंची चाकांची, वजनाने नऊशे किलोंच्या आतबाहेर. भोर मागे टाकून नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने वरंधा घाटाकडे निघालं की या गाडीचा स्वभाव खरा कळतो. रस्ता डोंगराच्या अंगाने वळत राहतो, पावसाळ्यानंतर डांबराचे पापुद्रे निघालेले असतात, आणि बरोबर वळणाच्या मध्यावर, जिथे टायरने रस्ता घट्ट धरून ठेवायला हवा तिथेच, खडबडीत पट्टा येतो. त्या पट्ट्यावर गाडी बाहेरच्या अंगाला कणभर सरकते. स्टिअरिंगमधून ते हाताला जाणवतं. भीती वाटावी इतकं ते नसतं. पण त्या क्षणी गाडी आपलं पूर्ण ऐकत नाही, हे नक्की. असं का होतं याचा माग काढत गेले आणि चाकाच्या वजनापाशी येऊन थांबले.

टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. अशा चार जागांवर सगळी गाडी उभी असते. ब्रेक लागणं, वळणं, वेग घेणं, सगळं या चार जागांतून व्हायचं. उंचवटा आला की चाक वर उडतं आणि स्प्रिंग त्याला परत खाली ढकलते. चाक जड असेल तर वर निघालेलं लवकर थांबत नाही, आणि खाली येताना आदळतं. या वरखालीत टायरवरचा दाब क्षणात वाढतो, क्षणात जवळजवळ नाहीसा होतो. दाब वाढतो तेव्हा पकड त्या प्रमाणात वाढत नाही. दाब जातो तेव्हा पकड मात्र पुरती जाते. त्यामुळे हा व्यवहार नेहमी तोट्याचाच.

यातले आकडे समजून घेताना मला फार आनंद झाला. साध्या मोटारीचं वरचं अंग, म्हणजे आपण बसतो तो सगळा डोलारा, सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलतं. चाकाची लय वेगळी: सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास पावणेसतरा मीटर जाते. रस्त्यावर दर सव्वा-दीड मीटरला एक लाट असेल तर चाकाला सेकंदाला अकरा ते तेरा धक्के बसतात, आणि ते नेमके त्याच्या स्वतःच्या लयीत बसतात. मग चाक नाचायला लागतं. घाटातल्या वळणांवर, जिथे सगळे ब्रेक मारतात तिथे, डांबर असंच लाटालाटांचं झालेलं असतं. चाक हलकं केलं की त्याला आवरायला स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांना कमी कष्ट पडतात, आणि टायर रस्त्यावर जास्त वेळ टेकलेला राहतो. हलक्या चाकाचा मोठा फायदा हा आहे. तो लहान गाडीला जास्त मिळतो, कारण वरचं अंग जितकं हलकं तितका खालच्या जड चाकाचा धिंगाणा वरपर्यंत पोचतो.

वेगाबद्दल मात्र बोलताना लोक फार वाहवतात. चाकातला एक किलो कमी केला की गाडीतले आठ-दहा किलो कमी केल्यासारखं होतं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. चाक पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून त्याच्या वजनाला दोनदा ऊर्जा लागते हे खरं. पण हिशेब कागदावर मांडला तर या दुपटीला मर्यादा दिसते. टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवरचा किलो पळवायला दोन किलोंइतकी ऊर्जा लागते, त्याहून जास्त नाही. रिम त्याच्या बरीच आत असते. माझ्या टायरच्या मापात चाकाच्या कडेवरचा किलो सव्वा ते दीड किलोसारखा वागतो, आणि मध्यभागाजवळचा किलो तर साध्या किलोसारखाच. चार चाकांत मिळून दहा किलो वाचवले तर पळण्यात जो फरक पडेल तो घड्याळात मोजण्याजोगा नाही. हे मोकळेपणाने सांगितलेलं बरं. हलकं चाक घ्यायचं ते गाडीने रस्ता सोडू नये म्हणून.

हलकेपणाचं मोल माणसाला फार आधी कळलं होतं. आपल्याकडे खेड, मंचर भागात शर्यतीसाठी बांधतात तो गाडा शेतात खत-पेंढ्या वाहणाऱ्या बैलगाडीपेक्षा कितीतरी हलका असतो. बैलाच्या मागे किती ओझं फिरू द्यायचं हे बांधणारा जाणतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली या गृहस्थाने १८०८ साली आपल्या वहीत ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना मांडून ठेवली. त्याला उडतं यंत्र करायचं होतं, आणि लाकडी आऱ्यांचं चाक त्या यंत्राला जड होत होतं. जाड आऱ्यांवर भार उभा करण्याऐवजी बारीक तारांवर तो टांगायचा, ही त्याची युक्ती. इंजिनावर उडणारं विमान त्याच्या हातून झालं नाही, पण आज गावोगाव फिरणाऱ्या प्रत्येक सायकलीच्या चाकात तो विचार जिवंत आहे. हलकेपणाचा पहिला धडा मला तिथे दिसतो. केलीने चाकातलं लाकूड नुसतं तासून बारीक केलं नाही. भार जातो कुठून याचाच त्याने फेरविचार केला.

मोटारींच्या जगात हा विचार सर्वांत देखणा झाला तो एत्तोर बुगाट्टीच्या हातून. त्याचे वडील मिलानचे नामांकित फर्निचर बनवणारे, भाऊ शिल्पकार. घरातच आकाराची नजर होती. १९२४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या ग्रां प्रीला त्याची टाइप ३५ ही गाडी उतरली, ती ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर. आठ रुंद, चपट्या पात्यांचं चाक, आणि ब्रेकचा ड्रम त्याच ओतकामात धरलेला. चाक काढलं की ड्रमही निघून येई आणि ब्रेक डोळ्यांपुढे उघडा. रुंद पात्यांमुळे ब्रेकला वारा लागे. एका तुकड्यात तीन कामं, म्हणजे जोडणीचं वजनच गेलं. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि शर्यत हातची गेली. तरी पुढच्या काही वर्षांत त्या गाडीने युरोपभर शर्यती जिंकण्याचा सपाटा लावला, आणि तिचं चाक ओळखू येत नाही असा मोटारवेडा आज सापडायचा नाही. सुंदर दिसावं म्हणून ते केलेलं नाही. कामाचा नीट विचार झाला, आणि रूप त्यातूनच आलं. मला ते चाक यासाठी आवडतं.

पुढचा मोठा टप्पा जर्मनीतला. विमानांसाठी ॲल्युमिनियमचे घडीव भाग करणारा ओटो फुक्स यांचा कारखाना माइनर्त्सहागेन या गावी होता. पोर्शने ९११ एस या मोटारीसाठी १९६६ साली त्यांच्याकडून चाकं घडवून घेतली. ओतलेलं चाक आणि घडवलेलं चाक यांत फरक आहे. वितळलेला धातू साच्यात ओतला की त्यात सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात. तापवलेला धातूचा गोळा प्रचंड दाबाखाली चेपून आकार दिला, की कण एकमेकांत दाबले जातात आणि धातूचा पोत आकाराच्या दिशेने वळतो. मग तीच ताकद कमी धातूत मिळते. त्या पाच पाकळ्यांच्या चाकाने पोलादी चाकाच्या मानाने दर चाकामागे सुमारे ३ किलो वाचवले. इंजिन मागे टांगलेल्या, वळणावर शेपूट झटकणाऱ्या त्या गाडीला ते तीन किलो फार मोलाचे होते.

जपानच्या रेज या कंपनीने १९९६ साली टीई ३७ नावाचं सहा आऱ्यांचं घडीव चाक आणलं. त्यातला ३७ हा आकडा पंधरा इंची चाकाच्या ३.७ किलो वजनावरून आलेला आहे. चाकाची सगळी प्रतिष्ठा तिथे वजनाच्या आकड्यात ठेवली होती. आणि २०१५ मध्ये फोर्डने शेल्बी जीटी ३५० आर या मोटारीला कार्बन फायबरची चाकं कारखान्यातूनच दिली, तेव्हा ॲल्युमिनियमच्या सुमारे १५ किलोंच्या जागी सुमारे ८ किलोंचं चाक आलं. फॉर्म्युला वनची चाकं मॅग्नेशियमची असतात. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षाही तिसऱ्या हिश्शाने हलका. पण मिठाची हवा त्याला मानवत नाही. रोज कोकणात उतरणाऱ्या गाडीला ते चाक कामाचं नाही.

या सगळ्या इतिहासातून पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात आलं की चित्र उलटं दिसतं. भिंतीभर चाकं टांगलेली: काळी, चंदेरी, कडेला लाल रेघ असलेली. चौदा इंचांच्या गाडीला सोळा-सतरा इंचांचं मॅगव्हील, म्हणजे नाव मॅग्नेशियमचं पण धातू ॲल्युमिनियमचा असं चाक, बसवायला पोरं रांगेत उभी असतात. मोठं चाक कमानीत भरून दिसतं, गाडीला रुबाब येतो, हे मला मान्य आहे. पण चाक मोठं झालं की धातू मध्यापासून दूर सरकतो, वजन वाढतं, आणि मापात बसवायचं म्हणून टायरची भिंत बारीक होते. खड्डा आला की ती भिंत दबून धक्का गिळायची. आता तो सरळ रिमवर जातो. म्हणजे चाकाचा धिंगाणा वाढवला आणि त्याला शांत करणारी गादीही काढून घेतली. पैसे मोजून गाडी बिघडवण्याचा हा प्रकार आहे, आणि घाटरस्त्यांच्या या मुलखात तो पाहताना मला वाईट वाटतं.

दुसरा गैरसमज धातूचा. मॅगव्हील म्हणजे हलकं, असं सगळे धरून चालतात. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, हे खरं. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच. न वाकता तेवढाच भार पेलायचा तर ॲल्युमिनियम जाड घ्यावं लागतं. म्हणून साधं ओतीव मॅगव्हील पुष्कळदा पोलादी रिमेइतकंच भरतं, कधी तिच्याहून जडही. हे डोळ्यांना दिसत नाही. दुकानातल्या कारागिराने ते मला चांगलं दाखवलं. एक भपकेदार चाक आणि शेजारचं साधंसं चाक त्याने फळीवर मांडलं आणि म्हणाला, “ताई, बघू नका. उचला.” उचलल्यावर पुढे विचारायचं काही उरलं नाही.

मी निवडलेलं चाक मूळ मापाचंच आहे. व्यास चौदा इंच, रुंदी कारखान्याने दिली तेवढीच. ते ओतून झाल्यावर फिरवत ठेवून, तापलेल्या कडेवर रोलर दाबून तिचा पत्रा ताणत नेलेला आहे. या रीतीने कडेचा धातू घट्टही होतो आणि पातळही करता येतो. पूर्ण घडीव चाकाच्या मानाने खर्चही आटोक्यात राहतो. माझ्या जुन्या पोलादी चाकापेक्षा हे दोन किलोंहून थोडं जास्त हलकं आहे. माप न बदलण्याचं एक कारण कायद्याचंही आहे: वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. चाक बाहेर किंवा आत सरकलं, ज्याला ऑफसेट म्हणतात तो बदलला, की स्टिअरिंगची ओढ बदलते आणि बेअरिंगवर नको तो भार येतो. बोल्टच्या वर्तुळाचं माप जुळायला हवं, मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, नट त्या चाकाच्या खोबणीला साजेसे हवेत. आणि टायर विसरून चालत नाही. टायर तर सर्वांत बाहेर फिरतो. हलक्या रिमवर जड टायर चढवला तर कमावलेलं सगळं तिथेच गेलं.

हलकेपणाबरोबर ताकदीचा प्रश्न येतोच, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतला. पोलादी रिम खड्ड्यात वाकते. गॅरेजवाला हातोडीने तिला सरळ करतो आणि गाडी पुढे जाते. ओतीव मॅगव्हील तडकू शकतं, आणि तडकलेलं चाक वेगात असताना माणसाला संधी देत नाही. म्हणून चांगल्या चाकाची परीक्षा कडक असते. वळणाचा ताण यावा म्हणून त्याला वाकवत फिरवतात. भार टाकून ड्रमवर लाखो फेरे पळवतात. आणि शेवटी चाक टायरसकट १३ अंशांत तिरकं धरून त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून लोखंडी ठोकळा सोडतात. ४०० किलो भार पेलणाऱ्या चाकासाठी तो ठोकळा ४२० किलोंचा असतो. चाकाला आरपार तडा गेला किंवा टायरची हवा भसकन गेली तर चाक नापास. जपानी जेडब्ल्यूएल हा शिक्का चाकावर असतो तो अशा चाचण्यांचा. आमच्या पुण्यात १९६६ पासून वाहनांची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था उभी आहे, आणि नगर रस्त्यावर शिक्रापूरला एन्केई या जपानी नावाने चाकं ओतणारा कारखानाही आहे. चाकांचं शास्त्र आपल्यापासून दूर नाही, दारात आहे. तरीही बाजारात शिक्का नसलेलं, भाराचा आकडा नसलेलं स्वस्त चाक विकलं जातं आणि घेतलंही जातं, याची मला चीड येते. ताकद न ठेवता धातू कमी केला तर तो हलकेपणा नव्हे, ती चोरी आहे, आणि तिची किंमत वळणावर चुकवावी लागते.

चाकं बदलल्यावर काय बदललं? गाडी पळायला वेगळी वाटत नाही. शहरात, सिग्नलवरून निघताना, मला काही कळत नाही. पण भोरच्या पुढे तोच लाटालाटांचा पट्टा आला की फरक हाताला कळतो. पूर्वी चार-पाच धप्प आवाज येत आणि गाडी कणभर बाहेर ढळे. आता तोच रस्ता बारीक खरखर करत खालून निघून जातो आणि गाडी ठरवलेल्या रेषेत राहते. ब्रेक दाबताना मागचं अंग अस्वस्थ होत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. चालवणाऱ्याला मात्र वळणामागून वळण एक भरवसा मिळत जातो, आणि घाटात भरवशाइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

या निमित्ताने एक गोष्ट मनात पक्की झाली. आपण कुठलीही वस्तू सुधारायला निघालो की तिच्यात भर घालायचा विचार करतो: जास्त ताकदीचं इंजिन, मोठं चाक, रुंद टायर. केली, बुगाट्टी आणि फुक्सच्या कारागिरांनी उलटा प्रश्न विचारला. कुठलं वजन सर्वांत जास्त त्रास देतं, आणि ते कुठून काढता येईल? वरून चार किलो काढणं सोपं असतं, आणि त्याने फारसं बिघडत किंवा सुधारत नाही. जिथे वस्तू जमिनीला भिडते, जिथे पहिला धक्का बसतो, तिथलं वजन काढायला बुद्धी, धातूची जाण आणि प्रामाणिक चाचणी लागते. म्हणूनच तिथला एक किलो इतका महाग आणि इतका मोलाचा.

तेव्हा गाडीला नवी चाकं घ्यायला निघालात तर वजनकाटा बरोबर न्या. डिझाइन नंतर बघा. आधी चाक काट्यावर ठेवा, मग त्याच्या आतल्या अंगाला किती भाराचा आकडा आणि कुठल्या चाचणीचा शिक्का कोरलेला आहे ते वाचा. माप मूळचंच ठेवा, आणि टायरचंही वजन विचारा. दुकानदाराकडे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसेल तर जुनी पोलादी चाकं तशीच राहू द्या. ती त्या नव्या चाकांपेक्षा चांगली आहेत.